चांदीचा डाग पंधरा दिवसांत जातो

माझ्या उजव्या पायाला आता तीन बोटं आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सांगलीच्या दवाखान्यात राहिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला धीर धरवत नाही, आणि वाचणाऱ्यालाही उगाच ताटकळत ठेवायला नको. लिहितोय ते एवढ्यासाठी की आमच्या कडेगाव भागात माझ्यासारखी माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि मी जे केलं ते त्यांतला कुणीही करेल. दुसऱ्या मुलखातला माणूस करणार नाही. त्याला ते सुचणारच नाही.

मी गलाईवाला. म्हणजे सोन्याचांदीची मोड वितळवून, तेजाबात टाकून, तिच्यातून शुद्ध धातू काढणारा. आमच्याकडचे कितीतरी पुरुष या धंद्यासाठी देशभर पांगलेत. मी तीस वर्षं तमिळनाडूत सेलमला होतो. चांदी तेजाबात विरघळली की त्या पाण्याचा थेंब जिथं पडेल तिथं कातडी काळी होते. साबण लावा, लिंबू लावा, रॉकेल लावा, जात नाही. पंधरा दिवसांत वरची कातडी झडते आणि तिच्याबरोबर डाग जातो, तोवर दुसरा पडलेला असतो. तीस वर्षं माझी बोटं काळी होती. अंगाला हळद लागली तेव्हाही काळीच होती, आणि शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला वाटलं, नवरा हात धूत नाही.

भट्टीचा माज

भट्टीपुढं उभं राहणाऱ्याला एक माज असतो. निखारा उडून पायावर पडला तरी ओरडायचं नाही, नुसतं झटकायचं. शेवटची काही वर्षं तर मला झटकायचंही भान राहत नव्हतं. कातडी जळाल्याचा वास आला की कळायचं. सोबतीचे माझ्याबद्दल म्हणायचे, "इलास लोखंडाचा हाय." मलाही ते खरं वाटायचं. शुगर बारा वर्षांपासून होती. गोळी आठवली तर घ्यायचो. शुगरनं पायाची जाण जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, पण मी ऐकून घेणारा माणूस नव्हतो.

धंदा बंद करून गावी आल्याला तीन वर्षं झाली होती. एके दिवशी दुपारी रानातून घरी आलो, हातपाय धुवायच्या आधीच आत शिरलो, तर शालन ओरडली, "आवं, फरशीवर रगात कुणाचं?"

मागं वळून पाहिलं. दारापासून माझ्याच पावलांचे लाल ठसे. चपलेतला खिळा वर आला होता आणि सकाळपासून मी त्याच्यावर चालत होतो. अंगठ्याच्या खाली भोक पडलं होतं. मी हसलो. शेजाऱ्याला हाक मारून तो खिळा दाखवला, वर म्हणालो, "गड्या, सकाळधरनं पायात हाय, पत्त्या न्हाई." आज ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

चांदीचं पाणी

जखम आठवडाभर हळद-तेलावर ठेवली. ती चिघळली. त्याच सुमारास सेलमच्या माझ्या जुन्या भागीदारानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. एक माणूस चांदीच्या दोन कांड्या पाण्यात सोडून त्यांना बॅटरी जोडत होता आणि सांगत होता की हे पाणी लावलं तर सडलेली जखमसुद्धा भरते, डॉक्टरचं तोंड बघावं लागत नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, हे खरं कशावरून? मी विचारलं, याची चांदी किती टंचाची, म्हणजे किती शुद्ध?

एवढाच प्रश्न मला पडला. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या चांदीतली भेसळ काढत आलो. माझ्याकडं मी स्वतः गाळलेल्या दोन कांड्या होत्या, शंभर टंचाच्या. माझ्या चांदीचं पाणी चुकीचं असूच शकत नाही, असं मला वाटलं. शालनची लोणच्याची काचेची बरणी घेतली आणि खिडकीत तसंच सगळं मांडलं. पाणी फिकट पिवळं झालं तेव्हा मला पहिली भट्टी पेटवली होती तेव्हासारखा आनंद झाला.

रोज सकाळ-संध्याकाळ कापसानं पाणी लावायचो. चार दिवसांत जखम वरून सुकल्यासारखी दिसायला लागली. मग काय विचारता! येईल त्याला पाय दाखवायचो. कुणाला भाजलं, कुणाला कापलं, प्रत्येकाला बाटली. वडूजहून माझी थोरली बहीण आली होती, हिराआक्का. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. तिलाही शुगर. पायाच्या करंगळीजवळ दगड लागून खरचटलं होतं, तर तिलाही एक मोठी बाटली भरून दिली. आक्का कुणाचं ऐकत नाही, माझं ऐकते. एस.टी.त बसताना तिनं बाटली पदराखाली धरली होती. तिला बजावून सांगितलं, "कडा काळ्या पडतील. घाबरू नगं. चांदीचा डाग हाय, पंधरा दिवसांत जातोय."

ते वाक्य माझ्या तोंडात इतकं मुरलेलं होतं की माझ्या पायाच्या कडा काळ्या पडल्या तेव्हा मला बरंच वाटलं. औषध लागू पडतंय, असं वाटलं.

शालनला बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "आवं, बोट काळं पडायलंय. दावाखान्यात दाखवू या."

मी तिच्यापुढं हात धरले. पाणी लावून लावून माझ्या हाताच्या बोटांची टोकंही काळी झाली होती. "ह्ये बघ. आन् ह्ये पायाचं बघ. येकच रंग हाय का न्हाई? तीस वर्सं बघतीयास न्हवं ही बोटं?"

ती गप्प झाली. तिनं खरंच तीस वर्षं बघितली होती. डाग कधी पडला ते कळावं म्हणून मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुली मारली आणि पंधरा दिवस मोजायला लागलो.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की पडावंसं. हुडहुडी भरायची, घाम यायचा. हवेतला बदल, असं म्हणायचो. शालनवर कारण नसताना खेकसायचो. चहा गार का, दार उघडं का, गाय हंबरते का. आता कळतं, अंगात विष भिनत होतं, आणि आत कुठंतरी मलाही ते माहीत होतं. घाबरलेला माणूस आमच्याकडं रडत नाही, ओरडतो.

तेराव्या दिवशी अमोल आला. माझा मुलगा, शिरवळच्या कारखान्यात असतो. उंबऱ्यावर बूट काढता काढता थांबला.

"पप्पा, घरात काय मेलंय का?"

मी आणि शालननं एकमेकांकडं पाहिलं. आम्हाला वास येत नव्हता. रोज थोडा थोडा वाढला, आणि आम्हाला सवय झाली होती. अमोलनं वासाचा माग काढला आणि माझ्या पायाशी येऊन थांबला. त्यानं बूट परत घातले आणि गाडी बोलवायला गेला.

डोळे मिटा, काका

सांगलीच्या डॉक्टरीणबाई अमोलच्या वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, काय लावत होतात? मी छाती पुढं काढून सगळं सांगितलं, टंचासकट. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

"काका, डोळे मिटा. मी पायाला दोरा लावते. लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजून बंद झाला. माझा धीर सुटला. "करा की सुरू, डॉक्टर."

उत्तर आलं नाही. मागून शालनचा हुंदका आला. मी डोळे उघडले. नायलॉनचा तो जाड दोरा माझ्या टाचेवर टेकून वाकला होता.

"दहा ठिकाणी लावून झाला, काका," त्या म्हणाल्या.

तो क्षण मी विसरणार नाही. बोटं कापायची हे नंतर कळलं, पण माझं काहीतरी तुटलं ते तेव्हाच. इतकी वर्षं ज्याला मी माझी ताकद समजत होतो ते दुखणं होतं. मी लोखंडाचा नव्हतो, फक्त मला कळत नव्हतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. "डॉक्टर, तो काळा रंग चांदीचा आहे. मला माहीत आहे."

"थोडा चांदीचा असेलही. पण डागाखाली कातडी जिवंत असते. ही नाही." त्यांनी चिमट्यानं अंगठ्याची कड उचलली. रक्त आलं नाही. आतून जे दिसलं ते मी लिहिणार नाही. "डाग आणि मेलेलं मांस, दोन्ही काळंच दिसतं, काका. नुसतं रंगावरून कसं ठरवलंत?"

त्यांना आमच्या धंद्यातलं काही माहीत नव्हतं. तरी बरोबर वर्मावर बोट ठेवलं. धातूच्या रंगावर आम्ही कधी विश्वास ठेवत नाही. कितीही चकचकीत असू दे, सख्ख्या भावानं आणलेलं असू दे, कसोटीच्या दगडावर घासल्याशिवाय बोलत नाही. आणि स्वतःचा पाय मी तेरा दिवस नुसत्या रंगावर खरा धरून बसलो होतो.

दोन बोटं जाणार हे ठरलं. पण संसर्ग वर चढला होता. थांबला नाही, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. शालन पदर तोंडात धरून उभी होती. अमोल भिंतीकडं तोंड करून.

पेनची रेघ

ऑपरेशन झालं. त्यानंतरचे दिवस माझ्या डोक्यात एका रेघेचे आहेत. नडगीवर जिथवर लाली चढली होती, तिथं डॉक्टरीणबाईंनी निळ्या पेनानं रेघ मारली. लाली रेघेच्या वर गेली तर वाईट, खाली राहिली तर चांगलं. एवढं सोपं. वॉर्डात सकाळी सहाला बोट टोचून शुगर बघायची, मग इन्शुलिन, मग सलाइनमधून औषध, दहाला ड्रेसिंग. या सगळ्याच्या मधे मी चादर काढून रेघ बघायचो. पाच मिनिटांनी परत. सिस्टर म्हणाली, "आजोबा, सारखं बघून ती उतरणार आहे का?" पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. पाय हलवायची बंदी, म्हणून हाताची बोटं खाटेच्या दांडीवर वाजवत बसायचो. शेजारच्या खाटेवरचा माणूस वैतागून कूस बदलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या वर होती, अर्धं बोट. मी चादर ओढली. शालननं विचारलं, "कसं हाय?" मी म्हणालो, "तेवढंच हाय." तिनं माझ्याकडं बघितलं आणि स्वतः चादर बाजूला केली.

मग ती बोलली. इतके दिवस गप्प होती, तेवढं सगळं एकदम बोलली. "मला दिसत हुतं. पयल्या दिसापास्नं दिसत हुतं. तुमी हात पुढं केलासा आन् मी गप बसले. तुमच्या हातास्नी भुलले मी. आता ह्या हातांवर माजा इस्वास न्हाई." आसपासचे सगळे ऐकत होते. तिला त्याची पर्वा नव्हती. मला रडू आलं, आणि मी ते दाबलं नाही.

मला परत आत नेऊन जखम साफ केली. चौथ्या सकाळी लाली रेघेला टेकलेली, पाचव्या सकाळी खाली. पाय राहिला. झाडलोट करणाऱ्या मावशींना मी ती रेघ दाखवली, त्यांना बिचाऱ्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. दुपारी कुठून तरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून त्यांनी खिडकीशी ठेवली, पायाला टेकायला एक स्टूलही. "बसा हितं. खाटंवर लय चुळबुळ करतायसा." आजारपणात माणसाला काय मोलाचं वाटेल सांगता येत नाही. मला ती खुर्ची.

पुढं एक गंमत झाली. सिस्टर नवी पट्टी उघडत होती, तिच्या कागदावर मी वाचलं, तिच्यात चांदी होती! मी खाटेवरून उडायचा बाकी राहिलो. "बघा! बघा! मी काय म्हणत होतो!" डॉक्टरीणबाई आल्या, शांतपणे म्हणाल्या, "चांदीला नावं कोण ठेवतंय? पण आधी मेलेलं काढलं, शुगर आटोक्यात आणली, शिरेतून औषध दिलं, मग वरून ही पट्टी. हिच्यात चांदी किती ते मोजलेलं आहे. तुमच्या बरणीत किती होती, सांगा बरं?" मला सांगता येईना. टंच माहीत होता, पाण्यात किती उतरली ते माहीत नव्हतं.

आक्काचा फोन

घरी सोडायच्या दोन दिवस आधी आक्काचा फोन आला. आम्ही तिला बोटांचं सांगितलं होतं, चांदीच्या पाण्याचं नव्हतं. मला लाज वाटली होती.

"इलास, बरा हाईस न्हवं? माजी काळजी करू नगंस. मी तुजं पाणी रोज लावतीया. काळं पडलंय वाईच, पर तू सांगिटलंच हुतंस. सुनंला म्हनलं, गप बस, माज्या भावाला चांदीतलं कळतंय."

मी ओरडलो, "आक्का, आजच्या आज दावाखान्यात जा!"

"दुखण्यानं भ्यालाईस तू," ती म्हणाली, आणि गायीला वैरण टाकायची म्हणून फोन ठेवला. सुनेचं ती ऐकेना. तिचा मुलगा फौजेत, लांब. अमोलला पाठवलं, तर त्याला पोटभर जेवू घालून परत लावून दिलं. "पोरांच्या सांगण्यावर मी पाय दाखवत फिरू व्हय?" त्या दोन दिवसांत मी सिस्टरचं डोकं खाल्लं. रेघ विसरलो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तो दोरा मला द्याल का? त्या म्हणाल्या, दोरा कशाला, बोटाचं टोक हलकं टेकवलं तरी पुरतं.

निघताना त्यांनी बजावलं, सरळ घरी, पाय उशीवर. विट्याच्या पुढं आलो आणि घराकडचं वळण दिसलं. मी काही बोलायच्या आत शालन ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, वडूजला घ्या."

पाया पडणं

आक्काचा पाय आज शाबूत आहे. करंगळीही. जखम वेळेवर साफ झाली. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. ज्यांना ज्यांना मी बाटल्या दिल्या त्यांच्या घरी अमोल जाऊन आला आणि त्या ओतून आला. शालन रोज सकाळी माझे तळवे बघते, मला बघू देत नाही. तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, त्याचा पाय हातात घ्या. तो हसला तर जास्त घाबरा.

आता वडूजचं. आक्का सोप्यात कॉटवर बसली होती. माझा बांधलेला पाय बघितला आणि तिला हुंदकाच आला. तिनं तोंड फिरवलं.

आमच्यात थोरल्या बहिणीच्या घरी गेलं की आधी पाया पडायचं, मग पाणी. आणि पायाला हात लागला की आक्का लगेच म्हणते, "औक्षवंत हो." बोलत असली तरी मधेच थांबून म्हणते, भाकरी थापत असली तरी म्हणते. पन्नास वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. मी असंख्य वेळा तिच्या पाया पडलो, पण ते पाय कधी बघितले नव्हते.

मला वाकता येईना. अमोलनं धरून मला खाली बसवलं, बांधलेला पाय लांब करून. मी म्हणालो, "आक्का, माज्या पायाकडं बघवत न्हाई न्हवं तुला? मग डोळं मीट. मी पाया पडतो."

तिनं घट्ट डोळे मिटले. गालावर पाणी तसंच होतं. मी दोन्ही हात पुढं केले आणि बोटांची टोकं तिच्या दोन्ही पायांच्या बोटांवर टेकवली. हलकेच. अंगठ्यावर, मधल्यावर, करंगळीच्या काळ्या कडेजवळ.

सून दारात तांब्या घेऊन उभी होती. मी हात तसेच ठेवले आणि आशीर्वादाची वाट बघत राहिलो.

"पड की रं," आक्का म्हणाली. "कवाची डोळं मिटून बसलीया मी."

मी बोटं उचलली नाहीत. मग तिनं आपणहूनच डोळे उघडले, खाली बघितलं, आणि माझे काळ्या टोकांचे हात तिला आपल्या पायांवर दिसले.

"इलास," तिनं विचारलं, "हात कवा ठेवलास?"